बोलणे कोठे तुटले?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, धर्म, साहित्य असे थोर विषय बोलले गेले. आमचा आजचा विषय त्या पंक्तीला बसणारा नाही. घरात किंवा कचेरीत एक लहानसा सर्व्हर ठेवला, त्यावर कंटेनरांत निरनिराळी कामे चालवली, आणि एके दिवशी त्यांचे बोलणे बंद पडले, तर बिघाड कसा शोधावा, एवढाच हा विषय आहे. कामगार संघटनेच्या माणसाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. यंत्रे ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांना प्रोटोकॉल म्हणतात, आणि प्रोटोकॉल म्हणजे करार. करार करावा, तो पाळला जातो की नाही ते पाहावे, आणि मोडला तर कोणत्या कलमाशी मोडला ते दाखवून द्यावे, यातच आमची हयात गेली.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. रोजगार हमी ही मूळची आपल्या महाराष्ट्राची, १९७२ सालची कल्पना. पुढे ती देशाने उचलली. १ जानेवारी २०२३ पासून तिच्या सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाईलच्या अॅपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेणे सक्तीचे झाले. आता डोंगरातल्या पाड्यावर रेंज नसली आणि हजेरी चढली नाही, तर उपसलेली माती खरी असूनही कागदावर मजूर गैरहजर ठरतो. म्हणजे यंत्र गप्प बसले तर दोष कोणाचा, हा प्रश्न आता मजुरीचा प्रश्न झाला आहे. ज्याला बोलणे कोठे तुटले ते दाखवता येत नाही, त्याच्याच माथी दोष बसतो. ते दाखवण्याची विद्या ज्याला शिकायची असेल, त्याने ती दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रावर शिकू म्हटले तर जमणार नाही. तेथे आपल्याला हात लावू देत नाहीत. ती आपल्या घरच्या लहान यंत्रावर शिकावी.

आमच्या कचेरीत असे यंत्र आहे. आकाराने जेवणाच्या डब्याएवढे, आणि वीज खाते एखाद्या लहान दिव्याएवढी. या जातीचे प्रसिद्ध यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय. ते २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडात प्रथम विक्रीस आले. सभासदांची नोंद, वर्गणीचा हिशेब, पगारचिठ्ठ्यांच्या प्रती, दाव्यांचे कागद हे सारे त्यावर असते. अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. ग्रॅच्युइटी म्हटली की सेवेची वर्षे आली, आणि वर्षे म्हटली की पुरावा आला. पुरावा आपल्या कपाटात असावा, हा संघटनेचा जुना नियम आहे. कपाट तेवढे नवे आहे.

आता कंटेनर म्हणजे काय ते पाहू. एका यंत्रावर चार कामे चालवायची, पण एकाची भांडीकुंडी दुसऱ्यात मिसळू द्यायची नाहीत, यासाठी प्रत्येक कामाला वेगळी खोली करून देण्याची ही युक्ती आहे. डॉकर नावाचे साधन मार्च २०१३ मध्ये जगापुढे आले आणि ही युक्ती घरोघर पोचली. आपण जुन्या वाड्याचा दृष्टान्त घेऊ. वाडा एक, बिऱ्हाडे चार. प्रत्येक बिऱ्हाडाला वाड्याच्या आतला एक क्रमांक असतो. डॉकरमध्ये तो बहुधा १७२.१७ पासून सुरू होतो. हा क्रमांक रस्त्यावरच्या पोस्टमनला ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतो तो वाड्याचा पत्ता. देवडीवरचा माणूस पाहतो की अमुक खिडकीवर आलेले पाकीट तमुक बिऱ्हाडाचे, आणि ते आत पोचवतो. या खिडकीला पोर्ट म्हणतात. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर पुढचे सारे सोपे जाईल.

या करारांचा इतिहासही थोडक्यात ऐका. आज सारे इंटरनेट ज्या दोन करारांवर उभे आहे ते आयपी आणि टीसीपी. त्यांचे मसुदे सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने जुना करार सोडून हा नवा स्वीकारला. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. आयपीचे काम पत्ता पाहून पाकीट पुढे ढकलण्याचे. टीसीपी म्हणजे पोचपावतीचे रजिस्टर टपाल. तेथे बोलणे सुरू होण्याआधी तीन पावले टाकावी लागतात: एकजण विचारतो, "बोलू का?" दुसरा म्हणतो, "बोला, मीही बोलू का?" पहिला म्हणतो, "बोला." याशिवाय यूडीपी नावाचा एक करार आहे. तो साध्या पोस्टकार्डासारखा. टाकले की झाले, पावती नाही. ज्याला पावती पाहिजे त्याने पोस्टकार्डावर भरवसा ठेवू नये, आणि ज्याला घाई आहे त्याने रजिस्टरच्या रांगेत उभे राहू नये. दोन्हींची गरज असते.

मग बोलणे तुटले तर काय करावे? आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याला हे शिकवायला नको. चणकापूरच्या धरणाचे पाणी पाटाने येते. शेवटच्या शेतात पाणी आले नाही, तर शहाणा शेतकरी घरी बसून धरणाला शिव्या देत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो, आणि जेथपर्यंत पाणी आहे व जेथून नाही, ती जागा शोधतो. कोठे फुटले आहे, कोठे गाळ साचला आहे, कोठे कोणी दार पाडले आहे, ते तेथे डोळ्यांना दिसते. पाट लांब असला तर आधी मध्यावर जाऊन पाहावे. तेथे पाणी असेल तर वरचा अर्धा पाट निर्दोष ठरला. यंत्राच्या बिघाडातही हीच चाल उपयोगी पडते. याउलट बहुतेक लोक काय करतात? यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात, चार ठिकाणची चार कलमे एकदम बदलतात, आणि सुदैवाने काम सुरू झाले तर कशाने सुरू झाले हे कोणालाच सांगता येत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे.

पहिली गोष्ट, यंत्राने नेमके काय उत्तर दिले ते शब्दशः वाचावे आणि वहीत उतरवून घ्यावे. "चालत नाही" ही तक्रार आम्ही कामगाराकडूनही घेत नाही. काय झाले, किती वाजता झाले, कोणापुढे झाले, हे विचारतो. यंत्राच्या नकारात दोन मोठ्या जाती आहेत. एक म्हणजे "जोडणी नाकारली", आणि दुसरी "वेळ संपली, उत्तर नाही". मालकाला निवेदन दिले आणि त्याने "भेटणार नाही" असे लिहून कळवले, ही पहिली जात. निवेदनाचे उत्तरच आले नाही, ही दुसरी. नवशिक्याला दोन्ही सारख्याच वाटतात, पण त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. नकार आला याचा अर्थ बहुधा असा की पाकीट पोचले, वाडा जागेवर आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त त्या खिडकीवर कोणी बसलेले नाही. म्हणजे तीन चतुर्थांश पाट तपासून झाला. उत्तरच आले नाही तर पाकीट वाटेत हरवले असेल, किंवा कोणी मुद्दाम गिळले असेल.

नकार आला तर वाड्याच्या आत पाहावे. तेथे नेहमीचे कारण एक असते. प्रत्येक यंत्राला स्वतःला हाक मारण्याचा एक पत्ता असतो, १२७.०.०.१. त्याला लोकलहोस्ट म्हणतात. म्हणजे "मी स्वतः". पण "मी" हा शब्द बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो. वर्गणीचा कार्यक्रम एका कंटेनरमध्ये आणि नोंदींचे कोठार दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल, आणि वर्गणीच्या कार्यक्रमाला आपण सांगितले की कोठार लोकलहोस्टवर आहे, तर तो स्वतःच्याच खोलीत कोठार शोधतो. तेथे ते नसते, म्हणून नकार येतो. उपाय असा की दोन्ही बिऱ्हाडांसाठी डॉकरमध्ये आपण स्वतः एक जाळे आखावे आणि एकमेकांना नावाने हाक मारावी. आपण आखलेल्या जाळ्यात डॉकर नावाचा पत्ता शोधून देतो. न सांगता मिळणाऱ्या पहिल्या जाळ्यात ही सोय नसते. याचीच दुसरी बाजू अशी की कंटेनरमधला कार्यक्रम फक्त १२७.०.०.१ वर कान देऊन बसला असेल, तर देवडीवाल्याने आणून दिलेले पाकीट तो घेत नाही. त्याला सर्व बाजूंनी ऐकायला, म्हणजे ०.०.०.० वर बसायला सांगावे लागते.

आता उत्तर न येण्याचा प्रकार. येथे पहिला प्रश्न असा विचारावा: कोठून उत्तर येत नाही? यंत्रावरूनच विचारून पाहा. मग त्याच घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून. मग बाहेरून, मोबाईलच्या जाळ्यावरून. पहिल्या दोन ठिकाणी उत्तर आले आणि बाहेरून आले नाही, तर दोष कंटेनरमध्ये शोधणे व्यर्थ आहे. अशा वेळी राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर समजावे की आपल्याला स्वतंत्र पत्ता मिळालेलाच नाही. याचे कारण जागतिक आहे. जुन्या आयपी करारात पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी एवढीच धरली होती. आशिया-प्रशांत विभागाचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी अखेरच्या गठ्ठ्यावर आला. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एक पत्ता देतात, आणि एप्रिल २०१२ मध्ये या सामाईक कामासाठी वरचा टप्पा राखून ठेवण्यात आला. चाळीला एकच टपालपेटी असावी तसे हे आहे. आतून गेलेल्या पत्राचे उत्तर परत येते. पण बाहेरच्याने आपणहून टाकलेले पत्र कोणाचे, हे पेटीला कळत नाही. येथे राउटरची किती कलमे बदलली तरी काही व्हायचे नाही. नव्या आयपीव्ही६ करारातला पत्ता कंपनी देत असेल तर तो वापरावा, नाहीतर आपल्या यंत्राने बाहेरच्या एखाद्या ठिकाणाशी आतून एक बोगदा जोडून ठेवावा आणि बाहेरच्यांनी त्या बोगद्याने यावे.

आणि प्रत्येक वेळी मौन हा दोषच असतो असेही नाही. वायरगार्ड नावाचे बोगद्याचे साधन ओळखीची किल्ली नसलेल्या कोणालाही मुळीच उत्तर देत नाही. ते गप्प आहे म्हणून मेले आहे, असे ठरवू नये. त्याच साधनाची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते फक्त यूडीपीवर, म्हणजे पोस्टकार्डावर चालते. डॉकरला नुसता खिडकीचा क्रमांक सांगितला तर तो टीसीपीची, म्हणजे रजिस्टरची खिडकी उघडतो. क्रमांक बरोबर, खिडकीही उघडी, तरी पोस्टकार्ड आत जात नाही. करारात क्रमांकाबरोबर कराराचे नावही लिहावे लागते.

तिसरी जात गैरसमजाची. पाकीट पोचते, दारही उघडते, पण समोरच्याला भाषाच कळत नाही. एक पक्ष कुलूपबंद भाषेत, म्हणजे एचटीटीपीएसमध्ये बोलतो आणि दुसरा साध्या एचटीटीपीची अपेक्षा करतो. तेव्हा यंत्र "आवृत्तीचा क्रमांक चुकीचा" असे विचित्र उत्तर देते. ते वाचून लोक कार्यक्रमाची नवी आवृत्ती शोधू लागतात. आवृत्तीचा येथे काही संबंध नसतो. कुलपाची पेटी अपेक्षिली होती आणि उघडे पत्र आले, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी कुलूप कोठे उघडायचे हे ठरवून घ्यावे. देवडीवर उघडायचे असेल तर तेथून आत साधी भाषा चालवावी. याच जातीचा एक सोबती घड्याळाचा. या लहान यंत्रांपैकी बहुतेकांत वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बसवलेली नसते. आपल्याकडे वीज जाते. परत आली की यंत्र जुन्याच वेळेत जागे होते, आणि जाळ्यावरून खरी वेळ मिळेपर्यंत समोरच्याचा नवा दाखला "अद्याप लागू नाही" म्हणून नाकारू शकते. दाखला खरा, सही खरी, पण कारकुनाच्या भिंतीवरचे कॅलेंडर जुने!

चौथी जात सर्वांत फसवी: अर्धे काम चालते आणि अर्धे चालत नाही. नावाने हाक मारली तर ओ येते, लहान पान उघडते, पण मोठा कागद पाठवला की सारे थिजते. येथे पाकिटाचा आकार पाहावा. घरातल्या तारेवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात, आणि डॉकरही तेवढेच धरून चालतो. परंतु कंपनीची जोडणी पीपीपीओई या कराराची असेल तर ८ बाइट त्या कराराच्या वेष्टनात जातात आणि १४९२ उरतात. मोठे पाकीट त्या फटीतून जात नाही. ते मागे आले आणि "लहान करून पाठवा" असा निरोप मिळाला तर अडचण नाही. पण वाटेतल्या एखाद्या अतिदक्ष पहारेकऱ्याने तो निरोपच अडवला, तर पाठवणारा वाट पाहत बसतो. याची परीक्षा पिंग या साधनाने होते. ते माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. तुकडे करू नका असे बजावून १४७२ बाइटांचा मजकूर पाठवावा. तो जात नसेल आणि १४६४ चा जात असेल, तर रोग सापडला. डॉकरच्या जाळ्याला १४९२ चा आकार नेमून द्यावा.

आता एक इशारा. बोलणे सुरू होत नाही म्हणून वैतागून सगळी दारे उघडून टाकणारे पुष्कळ भेटतात. उबुंटूसारख्या प्रणालीवर यूएफडब्ल्यू नावाचा पहारेकरी बसवून लोक निश्चिंत होतात. पण डॉकर खिडकी उघडताना स्वतःचे नियम थेट खालच्या थरात लिहितो, आणि त्या खिडकीपुरते या पहारेकऱ्याला कोणी विचारत नाही. त्याच्या वहीत "बंद" असे लिहिलेले असते आणि खिडकी उघडी असते. ज्या यंत्रावर सभासदांची नावे, पत्ते आणि मजुरीचे आकडे आहेत, त्यावर हे घडणे म्हणजे लोकांचा विश्वास चव्हाट्यावर मांडणे होय. म्हणून नोंदींच्या कोठाराला बाहेरची खिडकी देऊच नये. जी द्यायची ती १२७.०.०.१ पुरती द्यावी. आणि बिघाड शोधताना जे दार तात्पुरते उघडले असेल, ते बंद केल्याची नोंद वहीत झाल्याशिवाय उठू नये.

शेवटी पुराव्याविषयी. १९८८ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तिघा जणांनी टीसीपीडंप नावाचे साधन केले. तारेवरून जाणारे प्रत्येक पाकीट ते वेळेसह लिहून दाखवते. आमच्या मते साऱ्या विद्येचे सार या एका साधनात आहे. देवडीबाहेर एक आणि कंटेनरच्या दारात एक, असे दोन साक्षीदार बसवावेत. बाहेरच्याने पाकीट आत जाताना पाहिले आणि आतल्याने पाहिले नाही, तर दोष देवडीचा. आतल्यानेही पाहिले आणि उत्तर निघाले नाही, तर दोष बिऱ्हाडाचा. उत्तर निघाले आणि बाहेरच्याने पाहिले नाही, तर परतीची वाट तपासावी. येथे कोणाची मर्जी चालत नाही, की कोणाचा हुद्दा चालत नाही. चौकशीवाचून कोणाला निलंबित करू नये, असे आम्ही मालकांना वर्षानुवर्षे सांगत आलो. तोच न्याय यंत्रालाही लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर काय दिसले ते तारीखवार लिहावे, आणि उपाय लागू पडला तर तो काढून दोष पुन्हा येतो का तेही पाहावे. तेव्हाच कारण सापडले असे म्हणावे.

बंधुभगिनींनो, ही विद्या विद्यापीठाच्या कुंपणात कोंडलेली नाही. या करारांचे मूळ मसुदे कोणालाही विनामूल्य वाचता येतात. साधनेही बहुतेक विनामूल्य आहेत. आमच्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसालाही दिवसाचे काम आटोपल्यावर ती शिकता येते. या तालुक्यातल्या मुलामुलींनी दोन-चार जणांत मिळून एखादे जुने यंत्र घ्यावे, त्यावर दोन कंटेनर मांडावेत, त्यांचे बोलणे मुद्दाम तोडावे आणि ते कोठे तुटले ते एकमेकांना पुराव्याने दाखवावे. उद्या गावच्या मजुराची हजेरी चढली नाही, विद्यार्थिनीचा अर्ज गेला नाही, निराधार बाईचे निवृत्तिवेतन यंत्रात अडकले, आणि समोरच्या खिडकीवरून "सर्व्हर डाऊन आहे" एवढेच उत्तर आले, तर तुमच्यापैकी कोणीतरी पुढे होऊन विचारावे: डाऊन म्हणजे काय? नकार आला की उत्तरच नाही? किती वाजता? कोठपर्यंत पोचले आणि कोठून पुढे गेले नाही? ते लिहून द्या. असे विचारणारा एक माणूस रांगेत असला, तर रांगेतल्या बाकीच्यांची मजुरी वाचेल.